झेब्रा क्रॉसिंग मंजूर करून घेताना या चुका टाळा

बेळगावातल्या एका शाळेसमोर मार्चमध्ये पांढरे पट्टे मारले. जून सरायच्या आत ते जवळजवळ गेले. ऑगस्टमध्ये मी तिथं वाकून किल्लीनं उरलेला पट्टा खरवडला, तर पापुद्रा नखाएवढा पातळ आणि त्याखाली धूळ. शेजारी एक आक्का भाजीची पिशवी घेऊन पलीकडं जायला उभ्या होत्या. पट्टे संपतात तिथंच झाकण नसलेलं गटार. म्हणून त्या वीस पावलं पुढं गेल्या आणि भर रहदारीतून पळत रस्ता ओलांडला.

ठेकेदारानं पैसे खाल्ले, असं सगळे म्हणत होते. मी माहिती अधिकारात अंदाजपत्रक मागवलं. त्यात फक्त ‘पांढरा रंग’ आणि चौरस मीटरचा आकडा. गटाराचं झाकण, फूटपाथचा उतार, फलक, दिवा यांचा पत्ताच नव्हता. अंदाजपत्रकात जे नाही ते रस्त्यावर येत नाही. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

रस्ता कुणाचा हे न बघता अर्ज देणं

बेळगावात एकाच फेरीत तीन-चार मालकांचे रस्ते लागतात. गल्लीतला रस्ता महापालिकेचा, कॅम्पातले बरेच कँटोन्मेंट बोर्डाचे, राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. पुणे-बेंगळूर महामार्ग (४८) आणि खानापूरवरून गोव्याला जाणारा ७४८ हे राष्ट्रीय महामार्ग. नगरसेवक मनापासून ‘करूया की’ म्हणतात, पण रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल तर त्या खात्याच्या परवानगीशिवाय पालिकेला तिथं खर्च टाकता येत नाही आणि फाईल वर्षभर फिरते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागण्यातही वेळ घालवू नका. ते काढून टाकायचं केंद्राचं धोरण आहे. तिथं भुयारी मार्ग, पादचारी पूल किंवा सिग्नल मागा. दोन खात्यांत टोलवाटोलवी सुरू झाली, तर विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढं न्या. तिथं पोलीस, पालिका, बांधकाम खातं सगळे एका टेबलावर असतात.

अर्जाच्या भाषेबद्दलही सांगतो. गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय आणि तो सोडू नये. पण सोबत कन्नड प्रत जोडा. फाईलवरची टिपणी कन्नडमध्ये होते, आणि टिपणी लिहिणाऱ्याला आपलं म्हणणं नीट कळलं तर काम आपलंच होतं.

चुकीच्या निधीतून मागणं

आमदार-खासदार निधी टिकाऊ कामासाठी असतो. त्यातून उंचावलेलं क्रॉसिंग, दुभाजकात थांबायला जागा, फूटपाथ मागा. दरवर्षीची रंगरंगोटी पालिकेच्या देखभाल खर्चातूनच व्हायला हवी आणि त्यासाठी अर्थसंकल्पाच्या आधी आपल्या नगरसेवकांकडं लेखी मागणी जायला हवी. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव २०१६ साली आलं, पण ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. त्या भरवशावर आता बसू नका.

निविदेत नुसतं ‘रंगकाम’ लिहिणं

साधा रंग आणि थर्मोप्लास्टिक (तापवून, वितळवून ओतायचा जाड रंग) यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थर्मोप्लास्टिकचा थर २.५ मिलिमीटर हवा आणि गरम थरावर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे मणी टाकायला हवेत. रात्री गाडीच्या उजेडात पट्टा चमकतो तो या मण्यांमुळं. हे आकडे निविदेत असतील तरच मागता येतात. सोबत दोन्ही टोकांना उतार, गटारावर झाकण, फलक, दिवा आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानं ते दुरुस्त करून द्यायची मुदत), हे सगळं एकाच कामात घाला. वेगवेगळ्या तुकड्यांत दिलं की पट्टे होतात आणि झाकण राहतं.

गतिरोधकाचंही तसंच. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडं रात्रीत उठवलेल्या डांबराच्या ढिगाऱ्यावरून स्कूटरवाले पडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार, मापदंड न पाळल्यानं कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात हे कलम जरूर लिहा.

मोजमापाच्या वेळी हजर नसणं

बिल मोजमाप वहीवर निघतं. ७ मीटर रुंद रस्ता आणि ३ मीटर रुंद क्रॉसिंग धरा. पट्टा अर्धा मीटर, मधली जागा अर्धा मीटर. म्हणजे सात पट्टे, प्रत्येकी दीड चौरस मीटर, एकूण साडेदहा. वहीत २१ लिहिलं असेल तर मोकळ्या जागेचेही पैसे निघाले. थराची जाडी बघायला पट्टे मारायचं मशीन चालण्याआधी रस्त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायला सांगा. त्यावर बसलेला थर सुटा काढून मोजता येतो.

मार्चची घाई

निधी परत जाईल म्हणून धुळीवर रंग मारला जातो, आणि मग पाइपलाइनसाठी तोच रस्ता उकरतात. खोदाई बाकी आहे का, हे पाणीपुरवठा विभागाकडून लेखी घ्या. काम पावसाळ्यानंतर, रस्ता वाळल्यावर करून घ्या.

सिग्नल मिळाला तर सेकंद मोजा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत. म्हातारं माणूस ०.८ नं चालतं, त्याला साडेसतरा लागतात. पोलिसांना पत्र देताना म्हाताऱ्यांचा हिशेब द्या.

पट्टे आधीच गेले असतील तर नवी मंजुरी मागू नका. आधी दोषदायित्व कालावधी तपासा. तो चालू असेल तर तारखेसह फोटो जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. ठेकेदाराला फुकट करून द्यावं लागतं.

त्या शाळेसमोर दुसऱ्यांदा काम झालं ते डिसेंबरात. पत्र्यावरचा थर अडीच मिलिमीटर भरला, गटारावर झाकण बसलं. दिव्याचा खांब अजून यायचाय, त्याचं स्मरणपत्र सोमवारी देतोय.