जुन्या मोटरसायकलची चेन सारखी उतरते, तुटते? या चुका टाळा

नवी चेन टाकली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा खडखड, पुन्हा सैल. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी चेनच्या कंपनीला नावं ठेवली जातात, पण बहुतेकदा चेनचा जीव घेतात ती तिच्या आजूबाजूची माणसं: स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं), बेअरिंग आणि पाना हातात धरणारा.

सगळ्यात मोठी चूक ताण देताना होते. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हाताने सावकाश फिरवा, खालच्या बाजूला मधोमध बोट लावत राहा. एका जागी चेन सैल लोंबते, तर अर्ध्या फेऱ्यानंतर तीच तारेसारखी ताठ होते. ताण नेहमी या ताठ जागी ठरवायचा. सैल जागा पाहून आवळली, की ताठ जागा येताच गिअरबॉक्सच्या शाफ्टवर झटका बसतो आणि बेअरिंग, सील दोन्ही जातात. शिवाय स्विंग आर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा) असलेल्या गाडीवर माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते, म्हणून कुणाला तरी बसवून एकदा पाहाच. हँडबुक नसेल तर 20 ते 30 मिमी खेळ (चेनची वरखाली हालचाल) साधारण चालतो. शंका असेल तर किंचित सैल बरी.

चेन संपली का, हे नजरेने ठरवू नका. अर्धा इंच पिचची (पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) चेन असेल तर ती ताणून धरा आणि 24 पिचचं अंतर पहिल्या पिनच्या मध्यापासून शेवटच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवी असताना हे माप 304.8 मिमी भरतं. 311 झालं म्हणजे दोन टक्के वाढली; ती बदला. आणि बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला. आकडीसारखे वाकलेले दाते नवी चेन बघता बघता खातात. यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप उलटी बसवणं ही तर जीवघेणी चूक. बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना बंद टोक इंजिनकडे. उलटी क्लिप कशाला तरी घासून उडते, चेन सुटते, पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गोळा होऊन केसिंग (बाहेरचं धातूचं कवच) फोडते किंवा मागचं चाक जाम करते. एकदा काढलेली क्लिप पुन्हा वापरू नका.

चेन मधूनमधून उतरत असेल तर चाकाची रेषा तपासा. चेन अॅडजस्टरवरच्या जुन्या खुणांवर विसंबू नका, दोन्ही चाकांच्या कडेने दोरी लावून बघा.

ग्रीस बाहेरून थापलं तर धूळ तेवढी चिकटते. रॉकेलने धुवून, पुसून, गाडी चालवून आल्यावर गरम चेनला आतल्या बाजूने तेल द्या. ते रोलरच्या फटीत जायला हवं. हे सगळं इंजिन बंद ठेवून. चालू चेन बोट ओढून घेते.

गिअरबॉक्स सरकवून प्रायमरी चेन (इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंतची) ताणायची असेल तर ती आधी, मागची चेन नंतर.