नोकरी गेल्यानंतर आधी दिवस सावरावा, मग दिशा ठरवावी

नोकरी गेली की पहिला विचार पैशाचा येतो आणि तो यायलाच हवा, म्हणून सुरुवात हिशेबानेच करावी. अखेरचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि इतर देणी किती व कधी मिळणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र लगेच मागावे, कारण दोन वर्षांनी ते मागायला गेल्यावर तिथे ओळखीचे कोणी उरलेले नसते. कंपनीमार्फत मिळणारा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो, हेही विचारून घ्यावे. कामावरून कमी करताना ‘त्यापेक्षा राजीनामाच द्या’ असे सुचवले गेले, तर सही करण्यापूर्वी तो कागद कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवावा. नोकरी स्वतःहून सोडल्याची नोंद झाली की भरपाईचा किंवा बेकारी भत्त्याचा हक्क अनेक देशांत कमी होतो किंवा जातो. त्यानंतर मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे विवरण समोर घेऊन टाळता न येणारा मासिक खर्च काढावा आणि हातातल्या बचतीला त्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे तुमच्याकडे असलेले महिने. हा आकडा घरातल्या मोठ्यांना माहीत असावा. कर्जाचा हप्ता थकेल असे दिसत असेल, तर तो थकण्याआधीच बँकेशी बोलावे, कारण मुदत वाढवून घेण्याची किंवा हप्ता कमी करून घेण्याची शक्यता तेव्हा अधिक असते.

पैशाखेरीज आणखी काय गेले, याचा हिशेब मात्र फारसे कोणी करत नाही, आणि माझ्या मते नव्या सुरुवातीची गाडी बहुधा तिथेच अडते. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वसाहतीतली कापड गिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळी वस्ती एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइसेल या समाजशास्त्रीय संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या दिवसाच्या बारीक नोंदी केल्या आणि त्यांचे निष्कर्ष 1933 मध्ये प्रसिद्ध झाले. आता वेळच वेळ असल्याने लोक अधिक वाचतील, सभासंस्थांत अधिक रमतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, रस्त्याने जाणारे पुरुष अधिक हळू चालू लागले, आणि दिवसभर काय केले असे विचारल्यावर अनेकांना सांगण्याजोगे फारसे काही आठवेना. याहोडा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबर पाच गोष्टी नकळत देत असते: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून काही साधल्याची भावना, समाजातले स्थान, आणि हातांना नियमित काम. नोकरीबरोबर या पाचही गोष्टी एकदम जातात. त्यामुळे नोकरी गेल्यावर येणारी मरगळ हा स्वभावदोष समजू नये.

या पाचांपैकी दिवसाची चौकट सर्वांत आधी उभी करता येते, कारण तिला कोणाची परवानगी लागत नाही. उठण्याची वेळ पूर्वीचीच ठेवावी. सकाळचे तीन तास नव्या कामाच्या शोधाचे, आणि ते शक्यतो घरातल्या एका ठरावीक जागी बसून किंवा वाचनालयात. त्यानंतर शोध बंद. दिवसभर फोनवर नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत राहिल्याने शोध वाढत नाही, धास्ती तेवढी वाढते. दुपारी शिकण्याचे किंवा हाताने करायचे एखादे काम असावे, आणि आठवड्यातून दोनदा तरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांत मिसळावे लागेल असे काही असावे: एखादा वर्ग, एखाद्या संस्थेत मदत, एखाद्या ओळखीच्या व्यावसायिकाकडे अर्धवेळ हातभार. घरच्यांनीही ‘आता घरीच आहात’ म्हणून सगळी किरकोळ कामे त्या सकाळच्या तासांत सोपवू नयेत, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावे.

मनातला राग आणि अपमान दाबून मुलाखतीला गेले, तर तो नेमका तिथेच बाहेर पडतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नोकरी गेलेल्या अनुभवी व्यावसायिकांवर केलेला एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी जाण्याविषयीच्या भावना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे लिहून काढणाऱ्यांपैकी अधिक जणांना पुढच्या काही महिन्यांत काम मिळाले, आणि त्यांनी इतरांपेक्षा अधिक अर्ज केले होते असेही नव्हते. तेव्हा वही घ्यावी आणि कोणालाही दाखवायचे नाही अशा मोकळेपणाने लिहावे. महिना उलटूनही झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच हरवल्यासारखी वाटत असेल, तर मात्र वहीवर विसंबून राहू नये, डॉक्टरांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर महिनाभर थांबूच नये; त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आता शोधाविषयी. बहुतेक जण जवळच्या चार मित्रांना सांगतात आणि संकोचापोटी बाकीच्यांपासून गोष्ट लपवतात. हा संकोच महागात पडतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहा जणांपैकी सुमारे पाच जणांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती. कारण सरळ आहे: जवळच्या मित्राला जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, तर दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. म्हणून जुने सहकारी, पूर्वीचे ग्राहक, पुरवठादार, एकत्र शिकलेले लोक यांची यादी करून प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवावा. ‘काही असेल तर कळवा’ एवढ्याने समोरच्याला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आमच्या विभागातली पदे कमी केल्याने मागच्या महिन्यात माझी नोकरी गेली. आठ वर्षे मालाची खरेदी आणि गोदामाचा हिशेब पाहिला आहे. आपल्या क्षेत्रात हे काम कसे चालते, ते समजून घ्यायला आपली पंधरा मिनिटे मिळतील का?’ नोकरी मागितली की नकार देताना माणूस अवघडतो. माहिती मागितली की बोलतो, आणि बोलता बोलता एखादे नाव सुचवतो.

मुलाखतीत नोकरी का गेली, हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर दोन वाक्यांचे असावे आणि दोन्ही खरी असावीत: काय झाले, आणि त्यानंतर काय केले. जुन्या वरिष्ठांविषयी कडवट शब्द काढू नये, मग तो कितीही योग्य असो.

क्षेत्रच बदलावे का, हे पहिल्या आठवड्यांत ठरवू नये, कारण तेव्हा जुन्या कामाचा आलेला वीट आणि झालेला अपमान यांतला फरक आपल्यालाच कळत नाही. चौकट सावरल्यावर त्या पाच गोष्टी कागदावर मांडाव्यात आणि जुन्या नोकरीत प्रत्येक कितपत मिळत होती ते लिहावे. पगार चांगला होता पण कोणासाठी काही केल्याचे समाधान कधीच नव्हते, किंवा काम आवडते होते पण दिवसभर एकट्यानेच बसावे लागे, असे काहीतरी त्यातून दिसू लागते. ज्या नव्या कामाचे आकर्षण वाटते, ते बचत ओतण्याआधी लहान प्रमाणात करून पाहावे: आठवडाभर त्या कामातल्या माणसासोबत राहावे, एक काम पैसे घेऊन पूर्ण करून द्यावे. कोणी पैसे मोजायला तयार आहे का, हे त्यातूनच कळते.

हातातले महिने संपत आले असतील, तर मिळेल ते काम घ्यावे. त्यात कमीपणा नाही. फक्त ते तात्पुरते आहे हे घरात स्पष्ट बोलावे, आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवून त्या दिवशी पाच गोष्टींचा तोच कागद पुन्हा भरावा.