बाबांबरोबर रोम: पाण्याच्या वाटेनं

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. वय ७१, गुडघे दुखरे. रोमला जायचं म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "ते कमानींवरचे दगडी पाट बघायला मिळतील ना?" टूरवाल्यांच्या एकाही आखणीत ते नव्हते. म्हणून आम्ही दोघंच गेलो, ऑक्टोबरात, आणि पाण्याचा माग काढत शहर पाहिलं. घरातल्या मोठ्या माणसाला नेणार असाल तर तुम्हीही हीच वाट धरा. चढ फारसे नाहीत, रांगा कमी, आणि रोम मुळापासून कळतं.

आधी पायांचं बघा. जुन्या भागात काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेले रस्ते आहेत, फटी मोठ्या. पातळ तळव्याच्या चपलेत तासाभरात टाचा बोलायला लागतात. जाड तळव्याचे, आधीच वापरून मऊ झालेले बूट घाला.

पाण्याची बाटली मात्र एकच घ्या आणि तीच भरत राहा. रोममध्ये अडीच हजारांच्या आसपास नळ चोवीस तास वाहतात. ओतीव लोखंडाचा कमरेएवढा खांब आणि नाकासारखी वाकडी तोटी, म्हणून नाव 'नासोने', म्हणजे मोठं नाक. तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून पाण्याची कमान उसळते आणि वाकून तोंड न लावता पिता येतं. एका आजीबाईंनी बाबांना हे करून दाखवलं, आणि पुढे दिसेल त्या नळावर बाबा थांबलेच. पाणी गार आणि गोड. "एवढं वाया जातंय," मी म्हटलं, तर म्हणाले, "अगं, वाहतं ठेवलं की नळात साचून खराब होत नाही."

पहिल्या दिवशी पहाटे उठा. साडेसहाला ट्रेव्ही कारंज्यापाशी पोचलात तर पाण्याचा आवाज ऐकू येतो, नऊनंतर फक्त माणसांचा. हे कारंजं १७६२ मध्ये पुरं झालं, पण तिथं येणारं पाणी त्याहून कितीतरी जुनं. इसवी सनापूर्वी १९ मध्ये सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पानं 'आक्वा विर्गो' हा पाट शहरात आणला. लांबी सुमारे २१ किलोमीटर, बहुतेक सगळा जमिनीखालून, आणि एवढ्या अंतरात उतार जेमतेम चार मीटर! हा आकडा ऐकून बाबा कठड्याजवळ कितीतरी वेळ गप्प उभे होते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याच्या हौदांत आणलेलं पाणी त्यांना आठवत होतं. दुरुस्त्या होत होत रोमची ती वाट अजून चालू आहे. कारंज्याच्या भिंतीवर दोन शिल्पपट आहेत ते जरूर बघा. डावीकडे पाटाचं काम करवून घेणारा अग्रिप्पा, उजवीकडे सैनिकांना झरा दाखवणारी मुलगी. तिच्यावरूनच पाटाला नाव पडलं, विर्गो म्हणजे कुमारिका. पाण्यात पाय मात्र सोडू नका, दंड होतो.

तिथून पाच मिनिटांवर व्हिया देल नाझारेनो ही गल्ली आहे. गजांच्या कुंपणामागे, रस्त्याच्या पातळीखाली त्याच पाटाच्या मूळ कमानी दिसतात. वरच्या शिलालेखात सम्राट क्लॉडियसनं नोंदवलंय की त्याच्या आधीचा सम्राट कॅलिगुलानं बिघडवलेलं बांधकाम त्यानं पायापासून नवं केलं. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो.

मग पँथिऑन, घुमटाचं जुनं रोमन देऊळ. २०२३ पासून तिकीट लागतं, आधी काढून ठेवा. दारावर पुन्हा अग्रिप्पाचंच नाव, कारण पहिलं पँथिऑन त्याचं. आजची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळातली. आत बाकावर बसून वर बघा. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही ४३ मीटरच्या वर, आणि मधोमध उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो. दुसऱ्या दिवशी सर आली तेव्हा आम्ही मुद्दाम परत गेलो. मधली जमीन किंचित फुगीर आहे, फरशीत बारीक भोकं आहेत, आणि पाणी गुपचूप त्यांतून निघून जातं. बाबांना वरच्या घुमटापेक्षा ती भोकं जास्त आवडली.

पुढे सात-आठ मिनिटांवर पियात्सा नावोना हा चौक. शिल्पकार बर्निनीच्या १६५१ च्या कारंज्यात चार खंडांच्या चार नद्या पुरुषरूपात बसवल्यात, डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि आपली गंगा. हातात लांब वल्हं असलेला पुरुष म्हणजे गंगा. नाईलचा चेहरा कापडानं झाकलाय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपात कुणाला ठाऊक नव्हता.

दुपारी खोलीवर जाऊन आडवं व्हा. बरीच चर्चही तेव्हा बंदच असतात.

जेवणाचं नीट सांगते. शाकाहारी असाल तर 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. आम्ही एका ठिकाणी न विचारता 'सुप्ली' नावाचे भाताचे तळलेले गोळे घेतले आणि आत खिमा निघाला. पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थानं, लावतात, तेही चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाहीच. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या, टेबलावर बसलं की बहुतेक ठिकाणी दर वाढतो.

कलोसियम बघायचंच असेल तर वेळेचं तिकीट भारतातूनच काढा. बसचं कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या, नुसतं खिशात असून उपयोग नाही.

एक अख्खी सकाळ मात्र पाटांच्या बागेसाठी राखा, पार्को देल्यी आक्वेदोत्ती. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनहून मेट्रोची ए लाइन, अनाग्निनाकडे जाणारी, आणि उतरायचं जुलिओ आग्रिकोलाला. मग थोडं पायी. तिकीट नाही. मोकळ्या गवतातून 'आक्वा क्लाउदिया' या दुसऱ्या पाटाच्या कमानींची रांग जाते, इसवी सन ५२ मध्ये पुरी झालेली. लोक कुत्र्यांना फिरवत असतात, मुलं फुटबॉल खेळतात. जिथं कमानी तुटल्यात तिथं मान वर करून बघा, वरच्या नाळेचा चौकोनी छेद स्पष्ट दिसतो, त्यातूनच पाणी यायचं. बाबांनी खिशातली टेप काढून एका खांबाची रुंदी मोजली, वहीत लिहिली, आणि पुढच्या खांबाकडे निघाले. दुपारच्या जेवणाचं ठिकाण त्या दिवशी आधी ठरवू नका.