मार्चचं ऊन अंगावर कसं घ्यावं

लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधारतं. मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी देशभरातली घड्याळं तासभर पुढे केली की संध्याकाळी साडेसातच्या आसपास सूर्य मावळतो. नव्यानं इथं आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे ऊन वाया घालवू नका.

सकाळी उठलं की तासाभरात बाहेर पडा. डोळ्यांत गेलेल्या उजेडानं शरीराचं घड्याळ ताळ्यावर येतं, रात्री झोप नीट लागते, मन उभारी धरतं. खिडकीत बसून भागत नाही. घरात उजेड फारच कमी पोचतो. ढगाळ असलं तरी जा. सूर्याकडे थेट मात्र बघू नका. जाकीट घालाच, सावलीत गारठा झोंबतो.

रस्ता रोजचाच धरा. आमच्या गल्लीतल्या विटांच्या भिंती हिवाळाभर मळकट दिसतात. मार्चच्या तिरप्या उन्हात त्या गेरूसारख्या उजळतात, सांध्यांतलं हिरवं शेवाळसुद्धा उठून दिसतं. कुंपणाशी आधी क्रोकसची जांभळी फुलं येतात, मागोमाग डॅफोडिलची पिवळी. चहाचा कप घेऊन दाराच्या पायरीवर बसा. हिवाळाभर मान खाली घालून जाणारे शेजारी या दिवसांत हमखास थांबून बोलतात!

मन आठवडेच्या आठवडे खचलेलंच राहिलं, तर उन्हाच्या भरवशावर न राहता आपल्या जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.