फ्रेंचमधलं 'केलं असतं, गेलो असतो' कसं बनवायचं

फ्रेंचमधल्या या रूपाचं कोंदिस्योनेल पासे हे नाव ऐकूनच घाबरायला होतं, पण आपण मराठीत दिवसभर हेच बोलतो, "आधी सांगितलं असतंस तर आलो असतो". करायचं काय तर आव्वार ('जवळ असणं') या क्रियापदाचं कंडिशनल, म्हणजे 'असतं' वालं रूप, घ्यायचं (जोरे, त्यू ओरे, इल ओरे, नू झोरियों, वू झोरिये, इल झोरे) आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पास्ट पार्टिसिपल ('बोललेलं', 'आलेलं' असं रूप) लावायचं, बास. जोरे पार्ले म्हणजे मी बोललो असतो. जाणं-येणं वाली क्रियापदं आणि रिफ्लेक्सिव्ह (क्रिया स्वतःवरच होते ती) असतील तर आव्वारऐवजी एत्र ('असणं'), म्हणजे ज सरे व्हन्यू, आलो असतो. मुलगी लिहीत असेल तर व्हन्यूला शेवटी एक जास्तीचा 'ई' लागतो, ऐकू येत नाही पण पेपरात मार्क जातो, माझा गेलाय!

आता खरी गंमत. मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं, माहीत असतं तर आलो असतो, म्हणून आपण फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कंडिशनल ठोकतो आणि तिथेच फसतो. 'सी'च्या ('जर'च्या) बाजूला प्लू-क-पार्फे ('केलं होतं' वालं रूप) हवं: सी जावे स्यू, ज सरे व्हन्यू. 'सी जोरे स्यू' अजिबात नाही.

अजून एक, फ्रेंच बातम्यांत 'ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने' दिसलं तर 'दिला असता' नाही, "मंत्र्याने राजीनामा दिलाय म्हणे", खात्री नाही असं. आपला 'म्हणे' तिथे फिट्ट बसतो.

आणि जोरे द्यू पाठच करून टाका, 'मी करायला हवं होतं', रोज लागतं.