कॅमेरा शेगडीजवळ नेऊ नका: उत्तरेकडचे बदलते ऋतू टिपताना या चुका टाळा

उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोला फोटो काढायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शरदातले पानांचे रंग नेमके कोणत्या तारखेला येतात?" साधारण सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. उत्तर बरोबर आहे, पण त्याचा उपयोग बेताचाच. आधी जमिनीलगतचा खुजा बर्च लालभडक होतो, मग उंच बर्च झाडांची पानं पिवळी पडतात आणि एखाद्या वादळी रात्रीत सगळं जंगल उघडंबोडकं होतं. तीन दिवसांची सहल आखायची, त्यातला एक पावसात गेला की हवामानाच्या नावानं बोटं मोडायची, हा प्रकार बघून कंटाळा आलाय. आठवडा काढा. तेवढी रजा मिळत नसेल तर निदान पाय हलवा, कारण रंग वरून खाली सरकतात. लवकर पोचलात तर नुओल्या डोंगराचा उतार चढा, उशीर झाला असेल तर तोर्नेत्रेस्क तळ्याच्या काठाला उतरा.

लापोर्तेनच्या इंग्रजी यू-आकाराच्या दरीचा फोटो सगळेच काढतात. तुम्हीही काढा, एकदाच. मग कॅमेरा पायाशी वळवा. पहाटे लाल पानांच्या कडांवर गोठलेल्या दवाची पांढरी किनार बसलेली असते. ऊन पोचलं की ती वितळते आणि ओलं पान चकाकायला लागतं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) बॅगेतून बाहेर काढायचा तो इथे. वाइड लेन्सला लावून आकाशावर निळा डाग पाडण्यासाठी नव्हे.

सूर्यास्ताची वेळ रोज नव्याने बघा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथला दिवस रोज सुमारे 8 मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्यात सूर्यास्त जवळपास अर्धा तास अलीकडे येतो.

आता माझा खास राग. थंडीतून आत येताना कॅमेऱ्याचं काय करायचं, हे हजार वेळा सांगूनही कुणी ऐकत नाही. मार्चमध्ये एकदा आमच्याबरोबर एक हौशी गडी होता. बाहेर उणे वीसच्या आसपास. फोटो कसे आलेत ते बघायची त्याला एवढी घाई की कॅमेरा गळ्यात तसाच घेऊन तो थेट पेटलेल्या शेगडीपाशी गेला. गार धातूवर खोलीतली वाफ धरली आणि मिनिटभरात लेन्स पांढरी झाली. त्यानं ती मफलरनं पुसली. पुन्हा धुरकटली, म्हणून आत काय झालंय ते बघायला लेन्सच काढली! तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, बाहेर अरोरा, म्हणजे ध्रुवप्रकाश, नाचतोय. सगळे धावले, तोही. आत शिरलेला ओलावा बाहेर गोठला, काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची जाळी धरली. त्याच्या त्या रात्रीच्या प्रत्येक फ्रेममध्ये हिरवट धुकं आहे.

माझी सवय सांगतो. कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून खिशात टाकायची. कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, पिशवी बंद करायची आणि आत आल्यावर बुटांशेजारी, दारालगतच्या गार कोपऱ्यात ठेवायची. दोन-तीन तास हात लावायचा नाही. रात्री परत बाहेर जायचं असेल तर मी कॅमेरा आत आणतच नाही. केसांच्या ड्रायरनं तो "पटकन" सुकवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

बर्फ करडा येतो अशी तक्रार करण्याआधी एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मधला करडा समजतो. मग हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, स्क्रीनवरचं चित्र नको. अंधारात उजळ स्क्रीन हमखास फसवते.

जादा बॅटऱ्या बॅगेत नाही, अंगाजवळच्या खिशात.

व्ह्यूफाइंडरवर (डोळा लावायच्या काचेवर) श्वास सोडू नका. तिथे लगेच बर्फाचा थर धरतो.

अरोरासाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, एखादा तारा स्क्रीनवर मोठा करून हातानं फोकस करा. आणि दरवेळी वीस सेकंदांच्या एक्स्पोजरचा पाढा नको. अरोरा वेगात असेल तेव्हा दोन ते पाच सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवा, नाहीतर त्याच्या झालरींचा नुसता लगदा होतो. ऑगस्टच्या शेवटापासून रात्री पुरेशा काळोख्या होतात आणि तळं साधारण डिसेंबरपर्यंत गोठत नाही, त्यामुळे पाण्यातलं प्रतिबिंब शरदातच मिळतं. हिवाळ्याची वाट बघत बसणारे नेमके त्यालाच मुकतात.

वसंतात तळ्यावरचा बर्फ वरून दणकट दिसतो, पण तो आतून कुजलेला असतो. केवळ फोरग्राउंडसाठी (फोटोत पुढे दिसणाऱ्या भागासाठी) त्यावर पाऊल टाकू नका. काठावर थांबून लांब लेन्स लावा.