अंतराळविमानाच्या चाचणी उड्डाणांची नोंदवही कशी ठेवावी

ही नोंदवही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांच्या विज्ञान मंडळांसाठी सुचवलेली आहे. काम बसून करण्याचे असल्यामुळे ते उन्हाळी सुटीत घ्यावे. भुसावळचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुपारी घरात बसण्याचे कारण वेगळे सांगायला नको. अभ्यासासाठी व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे 'युनिटी' हे यान घ्यावे, कारण त्याच्या चाचण्यांची माहिती बऱ्यापैकी उपलब्ध आहे.

पानावर सहा रकाने आखावेत: तारीख, उड्डाणाचा हेतू, रॉकेट मोटर किती सेकंद जळली, कमाल वेग, कमाल उंची आणि काय बिघडले. हेतूचा रकाना सर्वांत आधी भरावा. बातम्यांमध्ये उंचीचा आकडा ठळक छापलेला असतो, पण चाचणीचे यश त्या उड्डाणाने नेमका कोणता प्रश्न सोडवला यावर ठरते.

जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या या यानाला जमिनीवरून झेप घेता येत नव्हती. दोन धडांचे वाहक विमान त्याला पोटाखाली घेऊन सुमारे १३ ते १४ किलोमीटर उंचीवर नेत असे आणि तेथे सोडत असे. मग रॉकेट मोटर पेटत असे आणि यान जवळजवळ सरळ वर चढत असे. त्यामुळे चाचण्याही क्रमाने झाल्या: आधी वाहकाला जोडूनच, मग मोटर न पेटवता तरंगत उतरणे, आणि शेवटी मोटरसह. युनिटीचे पहिले ग्लाइड उड्डाण डिसेंबर २०१६ मध्ये झाले आणि मोटर पहिल्यांदा पेटली ती एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळातील उड्डाणे विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटतात. ती वगळू देऊ नयेत.

२०१८ मधील चार मोटर उड्डाणे आलेख कागदावर मांडावीत. ५ एप्रिलला मोटर ३० सेकंद जळली आणि यान सुमारे २६ किलोमीटरवर पोहोचले; २९ मे रोजी ३१ सेकंद आणि ३५ किलोमीटर; २६ जुलैला ४२ सेकंद आणि ५२ किलोमीटर; १३ डिसेंबरला ६० सेकंद आणि ८२.७ किलोमीटर. पहिल्या दोन नोंदींजवळ थांबावे. ज्वलन एकाच सेकंदाने वाढले आणि उंची मात्र नऊ किलोमीटरने वाढली, हे पाहून मुलांना कारण विचारावे, आणि चढाईचा कोन व यानाचे वजन यांचाही उंचीशी संबंध असतो, इथपर्यंत चर्चा न्यावी. उंचीचा अंदाज यावा म्हणून जळगाव–धुळे रस्त्याचे अंतर, म्हणजे साधारण ९० किलोमीटर, त्याच आलेखावर उभे आखावे. अमेरिकेत ८० किलोमीटरच्या वर अंतराळ मानतात, तर आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघ १०० किलोमीटरची रेषा धरतो. दोन्ही रेषा वेगवेगळ्या रंगांत काढाव्यात.

सहाव्या रकान्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. परतताना हे यान आपले शेपटाचे भाग सुमारे ६० अंशांनी वर दुमडत असे, त्यामुळे हवेचा रोध वाढे आणि यान आपोआप योग्य स्थितीत येई. शाळेच्या गच्चीवरून बॅडमिंटनचे फूल उलटे करून सोडले, तर तेही क्षणात बूच खाली करून पडते. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा, मात्र कठड्याजवळ शिक्षक उभे असावेत. याच यंत्रणेमुळे ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी युनिटीच्या आधीचे 'एंटरप्राइज' हे यान मोजावे वाळवंटावर हवेतच मोडले आणि सहवैमानिकाचा मृत्यू झाला. शेपटाची कुलपे ध्वनीच्या १.४ पट वेगानंतर उघडायची होती, ती ०.८ पटीच्या आसपास उघडली गेली आणि हवेच्या दाबाने शेपूट स्वतःच वर फिरले. चौकशी अहवालाने मात्र केवळ वैमानिकाकडे बोट दाखवले नाही. एका माणसाच्या एका चुकीने यान मोडू शकते ही शक्यता आराखड्यात पुरेशी गृहीत धरलेली नव्हती, असे त्यात नोंदवले आहे. युनिटीमध्ये कुलूप अवेळी उघडू नये म्हणून यांत्रिक अडथळा बसवण्यात आला. हा भाग मुलांकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावा.

'अपयश' हा शब्द जपून वापरावा. १२ डिसेंबर २०२० रोजी मोटरवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाचा संपर्क तुटताच प्रज्वलन थांबले, आणि वैमानिकांनी यान न्यू मेक्सिकोतील धावपट्टीवर सुखरूप उतरवले. येथे उंचीचा रकाना जवळपास रिकामा राहतो, पण सुरक्षा यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली, ही नोंद मोलाची आहे.

पुढे हेच रकाने इस्रोच्या 'पुष्पक' यानासाठी वापरता येतील. २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ त्याला हेलिकॉप्टरमधून सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून धावपट्टीवर उतरवण्यात आले. त्यात वैमानिक नव्हता आणि या चाचण्यांत मोटरही पेटवायची नव्हती, म्हणून तिसऱ्या रकान्यात रेघ मारावी आणि हेतूच्या रकान्यात स्वयंचलित अवतरण असे लिहावे.